नाक उघडल्याची बातमी

प्रिय शालन,

नाक उघडलं. परवा रविवारी सकाळी, नऊ महिन्यांनी. उजवी नाकपुडी आधी, डावी मागाहून, तिच्या नेहमीच्या आळसानं. ही बातमी कुणाला सांगावी म्हणून घरात दोन फेऱ्या मारल्या. घर दोन खोल्यांचं, फेऱ्या लगेच संपल्या. शेजारच्या मगदूम काकींना सांगितलं असतं तर त्या "बरं झालं की" म्हणून आत गेल्या असत्या. या बातमीचं मोल कळेल असं माणूस एकच होतं आणि ते गेल्या श्रावणात निघून गेलं. म्हणून आज कागद पुढ्यात घेतला. हसू नकोस. "नाकाचं पत्र लिवतंय व्हय कुणी?" असं म्हणशील, ठाऊक आहे मला. पण लिहितो.

दुसऱ्या कुणाचं नाक बंद झालं तर लोक सर्दी म्हणून सोडून देतात. माझं पोटच नाकावर होतं. सांगलीच्या मार्केट यार्डात अडत दुकानात उभा जन्म हळद पारखण्यात गेला. हळकुंड मोडायचं, आतला रंग बघायचा आणि नाकाशी न्यायचं. रंग फसवतो, वास फसवत नाही, असं मी नव्या पोरांना मिशीवर ताव देऊन सांगायचो. आणि त्याच हळदीच्या धुळीनं माझं नाक खाल्लं. आधी शिंका, मग कपाळ जड, मग गालांच्या हाडांत ठणका, आणि एक दिवस वासच गेला. भिजवून पुन्हा वाळवलेली पोती मी चांगली म्हणून पुढे ढकलली. कुबट वास सगळ्या दुकानाला आला, मला नाही. शेठ चांगले होते, ओरडले नाहीत. दुसऱ्या दिवशी मला आतल्या खोलीत पंख्याखाली बसवलं, एवढंच. त्या दिवशी मी घरी येऊन जेवलो नाही, आणि तू काही विचारलं नाहीस.

विचारलं नाहीस, पण शिराळ्याला भावाला फोन केलास! तुझे सुभेदार बंधू आठ दिवसांत हजर. पिशवीतून काढलं काय, तर तोटीचा एक लोटा. मला वाटलं, पूजेचा आहे.

"दाजी, एक हप्ता करून बगा. पलटणीत आमी सगळे करतो. ह्या नाकातनं घालायचं, त्या नाकातनं काढायचं."

"नाकात पाणी गेल्यावर माणूस बुडून मरतो, सुभेदार."

"तोंड उघडं ठिवलं तर न्हाई मरत. तेवढं तुमाला जमंल."

तू पदर तोंडाला लावून हसत होतीस. पण शिकून घेतलंस ते तूच. मला कुठं धीर होता? संध्याकाळी पाणी चांगलं खळखळून उकळायचं, झाकून गार करायचं, सकाळी कोमट करायचं, मीठ घालायचं. मीठ किती, असं मी एकदाच विचारलं होतं. करंगळी पाण्यात बुडवून जिभेला लावलीस आणि म्हणालीस, "डोळ्यातल्या पाण्याएवढं खारट. जास्ती झालं तर झोंबतंय, कमी झालं तरी झोंबतंय." हे माप कुठल्या पुस्तकातलं ते मी विचारलं नाही.

मग न्हाणीघरात मी वाकायचो आणि तू लोटा धरायचीस. "मान अजून तिरकी. तोंडानं श्वास. बोलू नका. दिवसात तेवढी दोन मिन्टं तरी गप ऱ्हावा." आणि मी गप्प राहायचो. एका नाकपुडीतून गेलेलं पाणी दुसरीतून धार धरून खाली यायचं आणि तू "आलं, आलं" म्हणायचीस, टँकर आल्यासारखी.

दीड महिन्यानं एका सकाळी असाच वाकलेलो असताना वास आला. पहिला वास हळदीचाच यावा म्हणून मी हळकुंड खिशात घेऊन हिंडत होतो. पण आला तो तुझा. माक्याच्या तेलाचा, शिकेकाईचा, आणि त्याच्या खाली आणखी एक, ज्याला मला नाव देता येत नाही. तू माझ्या डोक्यावर वाकली होतीस. मी तसाच, नाकातून पाणी गळत असताना, मान वर केली आणि तुझ्या गळ्याशी नाक नेलं. "आवं, दार उघडं हाय!" म्हणून तू लोटाच टाकलास. त्याचा पोचा अजून आहे.

पुन्हा हळदीपुढं उभा राहिलो. डॉक्टर म्हणालेच होते, हे बरं होत नाही, आटोक्यात राहतं. रोज धुवाल तर उघडं राहील. अकरा वर्षं रोज धुतलं. काम सुटलं तरी ही नाक धुण्याची नेती सुटली नाही. बागेतल्या कट्ट्यावर बसून मी चारचौघांना सांगायचो, अकरा वर्षं झाली, एक दिवस खाडा नाही.

खोटं होतं ते. मी नुसता वाकत होतो. नेती तू करत होतीस. हे मला तू गेल्यावर तिसऱ्या दिवशी कळलं, जेव्हा सवयीनं न्हाणीघरात जाऊन उभा राहिलो आणि तसाच उभा राहिलो.

शालन, किती पटकन गेलीस गं! चहाचं आधण ठेवलंस, छातीवर हात दाबलास, भिंतीला टेकलीस. रिक्षा येईपर्यंतसुद्धा थांबली नाहीस. तुला घाई कशाचीच नसायची आणि यातच केवढी घाई केलीस?

त्यानंतर मी लोट्याला हात लावला नाही. पंधरा दिवसांत नाक जड झालं, महिन्यात बंद. मला त्याचं वाईटही वाटलं नाही. वास घ्यायला राहिलंय काय, असं वाटायचं. जेवण म्हणजे मऊ आणि कडक एवढाच फरक उरला. दिवसभर बोलायला कुणी नाही. दोन मिनिटं गप्प बसवत नव्हतं, तो मी आता सबंध दिवस गप्प बसतो. टीव्ही चालू ठेवतो, घरात आवाज असावा म्हणून.

मग तीन आठवड्यांपूर्वी वैशालीचा पुण्याहून फोन आला. "अण्णा, शिराळ्याची मामी म्हणतेय, आईच्या साड्या वर्षाच्या आत मोकळ्या करायच्या. पावसाच्या आत वाकळा शिवून घेते म्हणाली. मी तीन आठवड्यांनी, रविवारी येऊन घेऊन जाते. धुऊन द्याव्या लागतील."

बरोबरच होतं तिचं. आपल्याकडं रीतच आहे, गेलेल्या बाईच्या साड्या वाकळेत जातात आणि नातवंडं त्या पांघरतात. तुझ्या आईच्या साड्यांची वाकळ तूच माझ्या अंगावर घालायचीस. मी "बरं" म्हटलं, फोन ठेवला आणि मग ते "धुऊन" माझ्या डोक्यात शिरलं. तुझ्या रोजच्या चार साड्या तेराव्याला तुझ्या वहिनींनी खोलीतल्या दोरीवरून काढून, घडी करून, तुझ्या कपाटात ठेवल्या होत्या. नेसलेल्या होत्या, धुतलेल्या नव्हत्या. तुझा वास कुठं असेल तर तिथं. आणि माझं नाक बंद!

कपाट उघडून मी एक साडी तोंडाशी धरली. काहीच नाही. नुसतं कापड. उभ्या सांगलीची हळद हुंगलेला माणूस मी, आणि बायकोच्या साडीला मला वास येईना. त्या दिवशी रडलो. तू गेलीस तेव्हा लोकांत रडलो होतो, हे एकट्यानं. तीन आठवडे होते हातात. नाक उघडायचं आणि एकदा, फक्त एकदा, तो वास घ्यायचा. मग धुवा म्हणावं, नाहीतर जाळा.

आता पुढं मी काय केलं ते सांगतो, आणि तू कपाळाला हात लावशील. पाणी उकळलं, गार केलं, मीठ टाकलं, आणि मनात आलं, तीनच आठवडे आहेत, नुसत्या मिठानं कसं भागायचं? जखमेला हळद, खोकल्याला हळद, मुरगळल्याला हळद. मग नाकालाच का नको? चांगली राजापुरी होती घरात, माझ्या हातानं निवडलेली. चमचाभर टाकली. हळदीच्या माणसानंच करावी अशी चूक!

अगं, काय सांगू! डोक्यात कुणी विस्तव ओतल्यासारखं झालं. लोटा एकीकडे, मी एकीकडे. नाक पिवळं, मिशी पिवळी, बनियन पिवळं, न्हाणीची फरशी पिवळी. आरडाओरडा ऐकून मगदूम काकी धावत आल्या, दारात उभ्या राहून बघतच राहिल्या.

"आवं भाऊजी, हळद लागली काय म्हातारपणी?"

त्या हसल्या, मीही हसलो. मिशी चार दिवस पिवळी होती. बाजारात एकानं विचारलं, "काय आनंदराव, कार्य कुणाच्या घरी?" मी म्हटलं, "माझ्याच." घरी येईपर्यंत ते हसणं कुठल्या कुठं गेलं. ही गंमत रंगवून सांगावी असं कुणी घरात नव्हतं. तू असतीस तर ही गोष्ट वर्षभर पुरवली असतीस, माहेरी जाऊन नक्कल केली असतीस.

नाक आतून सुजलं. डॉक्टरांनी बॅटरी मारून बघितलं आणि म्हणाले, "हळद भाजीत घाला. नाकात उकळून गार केलेलं पाणी आणि मीठ, तिसरं काही नाही. पाव लिटरला अर्धा चमचा, सपाट. नळाचं तसंच घालू नका. आणि चार दिवस काहीच घालू नका." तीन आठवड्यांतला एक असा गेला. दोषी मीच, म्हणून कुणावर चिडताही येईना.

उरलेले दोन आठवडे मात्र शहाण्यासारखं केलं. संध्याकाळी पाणी उकळायचो, झाकायचो. सकाळी कोमट करायचो, सपाट अर्धा चमचा मीठ घालायचो आणि करंगळीनं चव घ्यायचो. तुझं माप आणि डॉक्टरांचं माप एकच निघालं बघ! ताडून बघायला लागणारं पाणी माझ्याकडे रोजच्या रोज होतं. एका हातानं लोटा, एका हातानं बेसिनचा काठ. मान किती तिरकी करायची ते स्वतःला दिसत नाही. पहिल्या दिवशी अर्धं पाणी घशात, अर्धं बाहीत. चौथ्या दिवशी धार लागली. "आलं" म्हणायला कुणी नव्हतं, आणि तोंडानं श्वास घेताना मला म्हणता येत नव्हतं.

रविवारी वैशाली अकरापर्यंत येणार होती. सकाळी सहाला नेती केली, वाकून हलकं शिंकरलं, आणि मघाशी सांगितलं तसं नाक उघडलं. आधी साबण आला. मग ओली फरशी. मी हात पुसले, तसाच खोलीत गेलो, तुझं कपाट उघडलं, ती जांभळ्या काठांची साडी घेतली, डोळे मिटले आणि खोल श्वास घेतला.

डांबरगोळ्या!

नाक झणझणलं. दुसरी घेतली, तिसरी घेतली. सगळीकडे डांबरगोळ्या. घड्यांखाली हात घातला तर मूठभर निघाल्या, खालच्या कप्प्यात आणखी. नऊ महिने त्या बंद कपाटात साड्या मुरल्या होत्या. तेल नाही, शिकेकाई नाही, आणि तो तिसरा तर नाहीच. मी पलंगावर बसलो. अकरा वाजता बेल वाजली तेव्हाही तिथंच बसलो होतो.

वैशालीला सगळं सांगितलं. लाज वाटली, पण सांगितलं. म्हटलं, "मीच कधीतरी टाकल्या असतील बघ, साड्यांना कसर लागू नये म्हणून. मला तर वास येत नव्हता. माझ्याच हातानं घालवला मी तिचा वास."

ती साड्या बाहेर काढत गेली. अगदी खालच्या साडीखाली एक खोकं निघालं. तिनं ते मांडीवर घेतलं. आत तोटीचा लोटा, नवा कोरा, वरचा कागदसुद्धा न काढलेला.

"हा मी आणला होता आईला. दोन वर्षांपूर्वी."

"आईला कशाला?"

"अण्णा, तुम्हाला खरंच माहीत नाही? आईला वास कुठं येत होता! चार-पाच वर्षं तरी नाही. तिचंही नाक तुमच्यासारखंच. डांबरगोळ्या तिनंच घातल्यात. तिला वास यायचा नाही, म्हणून वाटायचं कमी पडल्या. आणखी घालायची."

मी म्हटलं, "मला कसं नाही सांगितलं?"

"मी म्हटलं होतं तिला. तर म्हणाली, 'तुझ्या अण्णास्नी नगं सांगूस. त्यांचं नाक उघाडलंय त्याची केवडी मिरवणूक चाललीया, त्यात माजं कुटं काढतीस. आन् सकाळच्याला येळ तरी कुटं गावतोय? त्यांचं पाणी झालं की चहा, चहा झाला की न्याहारी. करीन की सवडीनं.'"

शालन, मग एकेक आठवायला लागलं. "आवं, करपतंय का बगा," असं तू स्वयंपाकाच्या खोलीतून किती वेळा विचारायचीस! मला वाटायचं, माझ्या नाकाची परीक्षा घेतेस. मी फुशारून सांगायचो, "येतोय की वास!" आणि पुन्हा पेपरात तोंड घालायचो. लग्नकार्याला निघताना मी म्हणायचो, "किती गं डांबरगोळ्या!" आणि तू पदर नाकाशी नेऊन म्हणायचीस, "एवडा येतोय?" दुधाला फिरल्याचा वास, फळाला पिकल्याचा वास, सगळं माझ्याकडं आणून धरायचीस. मी मोठा पारखी! मान हलवून निकाल द्यायचो.

आणि ती दिवाळीची सकाळ. तू चकल्या करत होतीस, गॅस फडफडून विझला होता आणि घरभर पसरला होता. मी बाहेरून आलो, धावत बटण बंद केलं आणि शेजारपाजार ऐकेल असा ओरडलो, "वास येत नाही का तुला?" तू खिडकी उघडलीस. काही बोलली नाहीस. बोलायचं होतंस ना गं! 'न्हाई येत' एवढे दोनच शब्द. त्या दिवशी मी तुझा लोटा धरला असता.

धरला असता का? आता शपथेवर सांगतो म्हटलं तरी मलाच खात्री नाही. आणि हे सर्वांत जास्त लागतंय. अकरा वर्षं तू रोज माझ्या नाकासमोर उभी होतीस, आणि मला तुझं नाक दिसलं नाही.

तुझ्यावर राग पण येतो. असं गपचूप सोसून माणसाला कायमचं अपराधी करून जायचं, ही कुठली रीत? खोकं साडीखाली लपवलंस, जसं काही चोरीचा माल. माझ्यापासून लपवायला मी काय परका होतो?

साड्या सगळ्या दिल्या. त्या चारही. वैशाली म्हणाली, एक ठेवा अण्णा. मी नको म्हटलं. डांबरगोळ्यांचा वास घेऊन काय करू? काल सोमवारी ती गेली. स्टँडवर तिनं माझी कॉलर नीट केली आणि खिडकीतून "पाणी उकळून घ्या" म्हणाली, तुझ्याच आवाजात. परत आलो तर कपाट रिकामं, आणि लोटे दोन.

आज सकाळी नेती केली. दोन्ही नाकपुड्या मोकळ्या आहेत. तू चार-पाच वर्षं विचारत होतीस आणि मी "येतोय की" म्हणून सोडून देत होतो. आता नीट सांगतो, ऐक.

मगदूम काकींकडं कैरीच्या लोणच्याची फोडणी चालू आहे. मोहरी बरोबर आहे, हिंग जरा सढळ पडलाय. रस्त्याच्या पलीकडं कुणीतरी गच्चीवर कुरडया घातल्यात, चिकाचा आंबूस वास येतोय. गटार तुंबलंय, त्याचाही येतोय. यार्डाकडं जाणारा ट्रक आत्ताच गेला, हळद नवी आहे, नीट उकडलेली, कुणीतरी मन लावून केलेली. पेपराला शाईचा वास आहे. माझ्या शर्टाला माझा. डांबरगोळ्यांचा अजून थोडा रेंगाळतोय, दोन दिवसांत जाईल. आणि तुझा घरात कुठंच नाही. उशीला नाही, पाटाला नाही, दाराच्या मागं नाही. सगळीकडं हुंगून बघितलं. हेही सांगायला पाहिजे, म्हणून सांगितलं.

वचन देतो. रोज संध्याकाळी माझ्या हातानं पाणी उकळीन, सकाळी नाक मोकळं करीन, आणि घरात ज्या ज्या गोष्टीचा वास येईल तो तुला मोठ्यानं सांगीन. काकी भिंतीपलीकडून ऐकतील, म्हणतील म्हाताऱ्याला लागलंय काहीतरी. म्हणू देत. तुला विचारायला लागणार नाही.

तुझा,
आनंदराव